चालत्या यंत्राची नाडी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रायापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीससाहेबांचे पत्र आले तेव्हा मी नकारच कळवणार होते. अशा प्रसंगी संतवाङ्मयावर, गाण्यावर किंवा ट्रस्टच्या कार्यावर अधिकाराने बोलणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. माझा विषय पडला रुक्ष. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी मला सर्वांदेखत विचारले, "अगं, इतकी वर्षं झाली, तू बंगळूरला नेमकं करतेस तरी काय?" मी म्हटले, "काकू, कॉम्प्युटर अडला की का अडला ते शोधते." त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे दुरुस्तीच की. मग आमच्या नातवाचा तेवढा बघून जा." तो मी पाहिला, बॅटरी गेली होती. परंतु काकूंना दिलेले उत्तर अपुरे राहिले ही रुखरुख मनात होती. काकू आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत, तेव्हा ते उत्तर आज पुरे करते.

आपल्यापैकी अनेक घरांत रेल्वेची नोकरी झाली आहे. हुबळी स्टेशनावर गाडी थांबली की टी.एक्स.आर. खात्याचा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेकडेने चालत जाई आणि चाकाचाकावर एकेक टोला देई, हे दृश्य जुन्या मंडळींनी शेकडो वेळा पाहिले असेल. चाक निरोगी असेल तर खणखणीत आवाज येतो, तडा असेल तर बद्द येतो. माझे काम जवळजवळ हेच आहे. फरक एवढाच की त्याची गाडी फलाटावर उभी असे, आणि मला टोला द्यायचा असतो तो धावत्या गाडीच्या चाकावर. कारण कॉम्प्युटरचे पुष्कळसे आजार असे असतात की यंत्र थांबवले, की लक्षण नाहीसे होते. गर्दी असताना, काम चालू असतानाच नाडी पाहावी लागते. या विद्येस इंग्रजी धर्तीवर ट्रेसिंग म्हणतात. मी आज तिला 'मागोवा' म्हणेन.

मागोवा घेतात कसा, ते थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरमध्ये अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असतात. कोणी पावती छापतो, कोणी हिशेब करतो. पण फाईल उघडायची असो की छपाईयंत्राला काही सांगायचे असो, त्या प्रत्येकास एका मध्यवर्ती कारभाऱ्याकडे जावे लागते. त्याला कर्नल म्हणतात. आपण गाभा म्हणू. गाभ्याच्या दारात आपण एक नाका बसवतो, पूर्वी जकातीचा असे तसा. जो येईल त्याचे नाव, काय मागितले, किती वेळ लागला, एवढे टिपायचे आणि त्याला पुढे सोडायचे. नाका बसवण्याची युक्तीही गमतीची आहे. गाभ्याच्या हुकमांच्या यादीत जिथे पाहायचे तिथला एक हुकूम उचलून बाजूला ठेवतात आणि त्या जागी एका अक्षराएवढी 'थांब' अशी खूण ठेवतात. यंत्र तिथे थबकले की नोंद करायची, उचललेला हुकूम पार पाडून द्यायचा आणि त्याला वाटेला लावायचे. लिनक्स नावाच्या गाभ्यात ही सोय के-प्रोब्ज या नावाने २००४ साली आली. आनंदाची गोष्ट ही की तिच्या पहिल्या बांधणीत भारतातल्या आयबीएमच्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. वम्सी कृष्ण आणि प्रसन्न पंचमुखी ही नावे त्या मूळ संहितेच्या माथ्यावर आजही छापलेली आहेत. त्याच सुमारास अमेरिकेत सन कंपनीच्या मंडळींनी डी-ट्रेस नावाचे याच जातीचे फार नावाजलेले साधन बनवले. त्याच्या गुणांवर बोलत बसले तर जेवण थंड होईल.

आता 'पत्ता' म्हणजे काय, हे एकदा कळले की पुढचे सगळे कळेल. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची लांबच लांब रांग. प्रोग्रॅम एकमेकांना वस्तू देत नाहीत, पत्ता देतात. "फाईलचे नाव अमुक क्रमांकाच्या खणात ठेवले आहे, तिथे जाऊन वाच." गाभा तिथे जातो आणि वाचतो. आणि खणच नसेल तर? साध्या प्रोग्रॅमने असली चूक केली तर गाभा त्याला बाहेर काढतो आणि बाकीची पेढी चालू राहते. पण खुद्द गाभ्याचाच पाय नसलेल्या खणात पडला तर त्याला सावरणारा वर कोणी नाही. सगळे यंत्र बसते. मागोवा घेणारा आमचा नाका गाभ्याच्या आतच उभा असतो. म्हणजे त्याची चूक ती गाभ्याचीच चूक.

२०११ सालची गोष्ट. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि ज्या पतसंस्थेत हे घडले तिचे तर मुळीच नाही, कारण दोष तिचा नव्हता. संस्था आपल्याच माणसांची, मराठी मुलखाच्या सीमेवरची. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवींचे व्याज उचलायला वडीलधारी माणसे येत. एरवी दोन सेकंदांत निघणारी पावती नेमकी त्याच दिवसांत, अकरा ते एकच्या दरम्यान, अर्धा मिनिट घेई. प्रोग्रॅमवाले म्हणत यंत्र जुने झाले. यंत्रवाले म्हणत प्रोग्रॅम वाईट. दोन वैद्यांच्या भांडणात रोगी खाटेवर. तेव्हा मागोवा घेण्यास आमच्याकडे काम आले.

मी एक लहानसे साधन लिहिले. फाईल उघडण्याच्या दारात नाका. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाईल मागितली आणि किती वेळ लागला, एवढेच टिपायचे. दीडशे ओळींचा मजकूर असेल. ऑफिसात दोन दिवस चालवून पाहिला, काही तक्रार नाही. मग बंगळूरहून फोनवरून सांगून पतसंस्थेच्या यंत्रावर चालू केला, महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी अकरा वाजता. तेरा मिनिटे उत्तम चालले. चौदाव्या मिनिटाला यंत्र बसले.

नुसते अडले नाही, पुरते बंद पडले. त्यात यंत्राचा काही आगाऊपणा नव्हता. गाभ्यात घोटाळा दिसला की पुढे एक अक्षरही न लिहिता थांब, अशी त्याला सक्त सूचना देऊन ठेवलेली असते, आणि पैशाच्या व्यवहारात ते योग्यच आहे. खातेवहीत चुकीची रक्कम पडण्यापेक्षा वही मिटलेली बरी. पण मिटलेली वही उघडायची म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करून सर्व नोंदी ताडून पाहाव्या लागतात. चाळीस मिनिटे खिडकी बंद राहिली. व्यवस्थापक मला फोनवर शांतपणे एवढेच म्हणाले, "मॅडम, मशीन हळू चालत होतं तेच बरं होतं."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

यंत्र पडताना पडद्यावर काही मजकूर ठेवून जाते. कोणत्या खणाकडे गेलो असता पाय घसरला, त्या वेळी कोणता हुकूम चालू होता, आणि तिथवर आपण कोणाकोणाच्या सांगण्यावरून आलो, हे सगळे त्यात असते. संस्थेच्या शिपायाने मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्याची ती समयसूचकता नसती तर मी आठवडाभर अंधारात चाचपडले असते. हुकमाच्या क्रमांकावरून मूळ मजकुरातली ओळ शोधून काढता येते. ओळ माझ्याच हातची निघाली. आणि ज्या खणाकडे ती गेली होती त्याचा क्रमांक होता शून्य.

शून्य क्रमांकाच्या खणात कोणीच राहत नाही, असा आमच्यात संकेत आहे. 'पत्ता नाही' असे सांगायचे असले की शून्य लिहितात. कुठल्याशा प्रोग्रॅमने फाईलच्या नावाचा पत्ता कोराच दिला होता. गाभ्याला स्वतःला अशा माणसांची सवय आहे. 'पत्ता चुकीचा', चूक क्रमांक १४, असे सांगून तो त्याला परत पाठवतो. परंतु गाभ्याच्या आधी दारात मी उभी होते, आणि मी कोऱ्या पत्त्यावर टपाल पोचवायला निघाले होते.

मी दोन ओळी वाढवल्या. पत्ता शून्य असेल तर वाचू नकोस, सोडून दे. रात्रभर यंत्र चालवले, मुद्दाम शून्य पत्ते दिले, काही झाले नाही. व्यवस्थापकांना कळवले की दोष सापडला, दुरुस्त केला, पुढच्या महिन्यात मी स्वतः येते.

पुढच्या महिन्यात मी गेले. खिडकीपुढे रांग होती. धोतर, टोपी, काखेत छत्री, हातात पासबुकाची पिशवी. मी आतल्या खोलीत बसून साधन चालू केले. वीस मिनिटांनी खिडकीवरच्या मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिले, तेव्हाच मी समजले. बाहेर कोणी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा झाला असता तर सोपे गेले असते. काठी टेकून उभे असलेले एक आजोबा, "बरं, उद्या येतो मग," असे म्हणून पायऱ्या उतरून गेले. ते किती लांबून आले होते हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

या खेपेस पडद्यावरचा पत्ता शून्य नव्हता. चांगला सरळ, घरंदाज दिसणारा पत्ता होता. अशा पत्त्यांवर त्या दिवशी माझा नाका हजारो वेळा जाऊन वाचून आला होता. मग याच खेपेस काय झाले?

याचे उत्तर समजण्यासाठी जुन्या पेढीचे दप्तर डोळ्यांपुढे आणा. सगळ्या वह्या बैठकीवर मावत नाहीत. रोजच्या चौरंगावर, बाकीच्या रुमालात बांधून माळ्यावर. कारकुनाने माळ्यावरची वही मागितली की गडी शिडी लावून ती खाली आणतो आणि कारकून तोवर थांबतो. कॉम्प्युटरही असेच करतो. प्रोग्रॅमला वाटते आपली सर्व पाने मेमरीत आहेत; प्रत्यक्षात काही डिस्कच्या माळ्यावर असतात आणि प्रोग्रॅमने हात घालताच गाभा ती खाली आणून देतो. त्यात लबाडी काही नाही, सगळ्या यंत्रांचा संसार असाच चालतो. पत्ता खरा, पान खरे, फक्त ते त्या क्षणी खाली नाही. मात्र नाक्यावरच्या माणसाला थांबायची मुभा नसते. त्याने दोन्ही हातांनी रहदारी अडवून धरलेली असते. "गड्या, तेवढी वही आण, मी थांबतो," असे त्याने म्हटले तर सगळे जागच्या जागी गोठेल. म्हणून त्या अवस्थेत माळ्यावरच्या पानाला हात घालणे हाच गुन्हा, आणि त्याला शिक्षा एकच, यंत्र बंद. गर्दीच्या दिवशी मेमरी अपुरी पडते, अधिक पाने माळ्यावर जातात. आमच्या ऑफिसात गर्दी नव्हती, म्हणून तिथे दोष दिसला नाही. ज्या दिवसासाठी साधन बनवले त्याच दिवशी ते दगा देणार होते.

बंगळूरला परतल्यावर आमचे वरिष्ठ काय म्हणतील याची तयारी मी प्रवासभर केली होती. ते काहीच म्हणाले नाहीत. कपाटातून एक लेख काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हे वाच. मग बोलू." तो लेख स्टीव्हन रोस्टेट यांच्या एका साधनाबद्दलचा होता. त्यातली हकीगत सांगितल्याशिवाय माझी पुरी होणार नाही.

२००८ सालच्या सप्टेंबरात लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालली होती. चाचणी करणाऱ्यांची इंटेल कंपनीची नेटवर्क कार्डे एकाएकी मरू लागली. मरू लागली म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा लावले तरी जिवंत होईनात. प्रत्येक कार्डावर एक छोटी कायमची मेमरी असते, तिच्यात कार्डाची ओळख आणि रीतभात लिहिलेली असते. तीच कोणीतरी खरडून टाकत होते. संशय साहजिकच कार्ड चालवणाऱ्या ई-१०००-ई नावाच्या प्रोग्रॅमवर गेला, कारण त्या मेमरीकडे जाण्याचे त्यालाच कारण. तो तपासून लोक दमले. इंटेलच्या मंडळींनी त्या मेमरीला लिहिण्यापासून कुलूप घातले, परंतु चोर सापडला नव्हता. ऑक्टोबरच्या ९ तारखेस आवृत्ती बाहेर पडली. त्यानंतर काही दिवसांतच उलगडा झाला. कार्डाशी सुतराम संबंध नसलेले एक नवे साधन त्याच आवृत्तीत आले होते, एफ-ट्रेस. मागोवा घेण्याचे साधन. रोस्टेट हे त्याचे कर्ते.

झाले होते ते असे. एफ-ट्रेस गाभ्यातल्या कामांच्या दारांचे पत्ते एका यादीत टिपून ठेवी आणि थोड्या वेळाने त्या पत्त्यांवर जाऊन तिथल्या मजकुरात लहानसा बदल करी. पण गाभ्यात काही मजकूर एकदाच लागतो. काम संपले की ती जागा मोकळी करून दुसऱ्यास देतात. यादीत पत्ता मात्र जुनाच. आपल्याकडे बी.आर.टी.एस.साठी हुबळी-धारवाड रस्ता रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची किती तरी जुनी बांधकामे गेली. जुन्या वहीवरून आज कोणी टपाल वाटायला निघाला तर कोणाच्या दारात जाऊन उभा राहील? इथे त्या मोकळ्या जागी नेमकी नेटवर्क कार्डाची कायमची मेमरी येऊन राहिली होती.

रोस्टेट यांनी खबरदारी घेतली नव्हती असेही नाही. बदल करण्यापूर्वी तिथे अपेक्षित मजकूर आहे ना हे पाहा, असेल तरच बदला, असा प्रोसेसरचा एकच जोडहुकूम त्यांनी वापरला होता. कोणासही वाटेल, मजकूर जुळला नाही तर काहीच होणार नाही. परंतु तो हुकूम जुळणी फसली तरी एक लिहिण्याची क्रिया करतोच. जे वाचले तेच परत लिहितो. साध्या मेमरीत 'राम' पुसून पुन्हा 'राम' लिहिला तर बिघडत नाही. कार्डाच्या कायमच्या मेमरीचे तसे नाही. तिच्यावर केलेले प्रत्येक लेखन ती आज्ञा समजते. पाहायला गेलेल्याने हात लावला, आणि हात लावण्यानेच कार्ड गेले.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. आधी ते साधनच बंद ठेवणारी २.६.२७.१ ही आवृत्ती त्याच ऑक्टोबरात निघाली. मग डिसेंबरात आलेल्या २.६.२८ मध्ये सगळी पद्धत पालटली. पत्त्यांची यादी गाभा चालू असताना न करता बांधतानाच करायची, जागा मोकळी होताच तिचा पत्ता यादीतून काढायचा, वाचताना पाय घसरला तर सावरता येईल अशाच रीतीने वाचायचे, आणि काहीही अनपेक्षित दिसले तर साधनाने स्वतःलाच बंद करून घ्यायचे. ही सर्व कथा, चूक कुठे आणि कशी झाली ते सांगून, लेखरूपाने प्रसिद्ध झाली. मी वाचत होते तो लेख तोच. वाचून झाल्यावर वरिष्ठ म्हणाले, "तुझ्या शून्याच्या त्या दोन ओळी काढून टाक. पत्ता चांगला दिसतो की वाईट, यावर काही ठरवायचं नाही."

मग बसले कामाला. प्रथम तो अपघात आमच्या ऑफिसात घडवून आणायचा होता. जो दोष हुकमी घडवता येत नाही तो गेला असे म्हणता येत नाही. दोन दिवस यंत्रावर नुसते ओझे लादून पाहिले, काही घडले नाही. तिसऱ्या दिवशी युक्ती सुचली. एक दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: डिस्कवरची एक फाईल आपल्या पत्त्यांत जोडून घ्यायची, तिच्या पानाला मुद्दाम हातही लावायचा नाही, आणि फाईलचे नाव म्हणून त्या न उघडलेल्या पानाचा पत्ता द्यायचा. म्हणजे पान हमखास माळ्यावर. पहिल्याच खेपेस आमचे यंत्र धाडकन बसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला माझा आनंद कळेना.

उपाय गाभ्यातच तयार होता, मीच तो वापरला नव्हता. फार पूर्वी लिनक्समध्येही पत्ता आधी तपासून मगच वाचण्याची चाल होती. नव्वदीच्या दशकात ती सोडून दिली. आता जिथे जिथे पाय घसरण्याचा संभव आहे, त्या प्रत्येक हुकमापुढे गाभा एका तक्त्यात लिहून ठेवतो: इथे पडलास तर तिथे उठ. विहीर साफ करायला उतरणारा माणूस काठावरून डोकावून "पाणी बरं दिसतंय" म्हणत नाही. कमरेला दोर बांधतो आणि उतरतो. मी दोन महिने काठावरून डोकावत होते. वाचन दोराच्या पद्धतीने करून घेतले, वाचण्यापुरती माळ्यावरून पान मागवण्याची क्रियाही बंद ठेवली. पान खाली असेल तर नाव मिळते, नसेल तर 'पत्ता वाचता आला नाही' एवढे उत्तर मिळते आणि यंत्र पुढे चालते. माझ्या साधनात ते उत्तर छापण्याची सोयच नव्हती! नाव मिळालेच पाहिजे असे मी धरून चालले होते.

आणखी एक सुधारणा वरिष्ठांनी सुचवली. नाव दारात शिरताना न वाचता बाहेर पडताना वाचायचे. तोवर गाभ्याने स्वतः ते नाव वाचलेले असते, म्हणजे पान माळ्यावरून बहुधा खाली आलेले असते. फार साधी गोष्ट, पण तिने न वाचलेली नावे जवळपास नाहीशी झाली. (चोर पकडायच्या कामाला ही युक्ती चालत नाही, कारण मधल्या वेळात कोणी नाव बदलून ठेवील. आम्हाला चोर पकडायचा नव्हता.)

त्यानंतरच्या काळात हे शास्त्र खूप पुढे गेले. २०१४ पासून इंटेलचे प्रोसेसरच गाभ्याला प्रोग्रॅमच्या खणांत बेसावधपणे हात घालू देत नाहीत. माझे जुने साधन त्यांच्यावर पहिल्याच मिनिटाला पडले असते, आणि मला ते आवडले असते. हल्ली नाके ई-बीपीएफ नावाच्या पद्धतीने बसवतात. त्यात नाक्याचा मजकूर आत घेण्यापूर्वी गाभा स्वतः ओळन् ओळ तपासतो, आणि भलत्या पत्त्यावर जाईल असा मजकूर दारातूनच परत पाठवतो. तिथेही एक गंमत झाली. प्रोग्रॅमचे खण आणि गाभ्याचे खण वाचायला आरंभी एकच मार्ग होता. पण आयबीएमच्या मोठ्या यंत्रांसारख्या काही यंत्रांत दोन्हीकडे तेच क्रमांक असतात. आपल्याला हे समजावून सांगायला नको. स्टेशन रोड हुबळीला आहे आणि धारवाडलाही आहे. महानगरपालिका १९६२ पासून एक असली तरी रिक्षावाल्याला गाव सांगावेच लागते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून तिथेही दोन वेगळे मार्ग झाले.

पतसंस्थेत मी तिसऱ्यांदा गेले ती बिनबोलावता. व्यवस्थापकांनी चहा मागवला, पण साधन लावायला हो म्हणायला त्यांना वेळ लागला, आणि तो त्यांचा हक्क होता. मी माझा दहा ओळींचा प्रोग्रॅम त्यांच्या सुट्या यंत्रावर लावून दाखवला. आधी जुन्या साधनानिशी यंत्र पाडून, मग नव्याने न पाडता. त्यांनी तो प्रयोग पुन्हा एकदा करायला लावला. मग म्हणाले, "लावा."

अकरापासून एकपर्यंत साधन चालले. रांग पुढे सरकत होती, हळू, पण सरकत होती. कागदावर आलेल्या यादीत एकोणीस ठिकाणी 'नाव वाचता आले नाही' असे होते. व्यवस्थापकांनी त्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" मी म्हटले, "मागच्या खेपेला मशीन बसलं, ते अशाच एका ओळीवर." ते त्या ओळींकडे बराच वेळ पाहत राहिले.

हळू चालण्याचे कारणही त्याच यादीत सापडले, आणि ते ऐकून आपण हसाल. संस्थेने कॉम्प्युटर घेतला तेव्हापासूनची प्रत्येक पावती फाईल म्हणून एकाच कप्प्यात पडून होती, आणि पावतीला नवा क्रमांक देण्यापूर्वी प्रोग्रॅम त्या कप्प्यातल्या पावत्या एकेक करून उघडून पाहत असे. एरवी ते निभावून जाई. गर्दीच्या दिवशी चार खिडक्यांवरून एकदम मागणी आली की कोंडी होई. यंत्रही जुने नव्हते आणि प्रोग्रॅमही फारसा वाईट नव्हता. जुन्या पावत्या वर्षवार वेगळ्या कप्प्यांत हलवायला एक दुपार पुरली. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडण्यापूर्वी मी खिडकीपाशी उभी राहून पाच-सात पावत्या निघताना पाहिल्या. ते आजोबा त्या दिवशी आले नव्हते.

काकू, मी बंगळूरला करते ते हे. चिटणीससाहेब दारातून खुणावीत आहेत, पाने वाढली आहेत असे दिसते.